जुना ट्रक ऑइल खातोय: सिंथेटिक टाकू की साधंच?

पंधरा-अठरा वर्षांचा ट्रक, इंजिन एकदा हाफ केलेलं (म्हणजे अर्धवट खोलून दुरुस्त केलेलं), आणि दर खेपेला लिटर-दीड लिटर ऑइल वरून टाकावं लागतं. मालकाला अड्ड्यावर कुणीतरी सांगतं, "सिंथेटिक टाक, टिकतं." तो महागाचा डबा आणतो. महिनाभरात क्रँक सीलखाली ठिपका दिसायला लागतो आणि पातळी पूर्वीपेक्षा लवकर उतरते. मग पुन्हा साधं ऑइल. मग दुसरा कुणी २०डब्ल्यू-५० सुचवतो, तिसरा धूर बंद करणारी बाटली आणून देतो. दोन वर्षं हा फेरा चालतो आणि मुळात ऑइल जातंय कुठे, हे बघायला कुणी चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली, वाकत नाही.

आधी उत्तर सांगतो. इंजिन टाटाचं ६९७ किंवा ४९७ असेल, नाहीतर ५.९ लिटरचं कमिन्स, म्हणजे बीएस-३ (धुराच्या प्रदूषणाचे भारत स्टेज नियम) किंवा त्याआधीचा जमाना, आणि गाडी महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, तेलंगणात फिरत असेल, तर साधं मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं (या आकड्यांचा अर्थ पुढे सांगतो), वेळच्या वेळी बदललं की पुरतं. सिंथेटिकचे फायदे खरे आहेत, पण ते धडधाकट इंजिनाच्या पदरात पडतात. ऑइल खाणाऱ्या इंजिनात सिंथेटिक ओतणं म्हणजे तोच धूर दुप्पट किमतीत काढणं. म्हणून आधी खाणं शोधा, डबा निवडायचं नंतर बघू.

खातोय म्हणजे नेमका किती खातोय?

"खूप खाते" हे माप नाही. ड्रायव्हर उतारावर गाडी लावून, इंजिन बंद केल्याबरोबर ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढतो. त्या वेळी बरंच ऑइल वर टॅपेटमध्ये आणि गॅलरीत, म्हणजे ऑइलच्या वाटांत, असतं, पट्टी कोरडी दिसते, तो लिटरभर ओततो. दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर पातळी वरच्या खुणेच्याही वर गेलेली असते. मग क्रँक त्या जादा ऑइलला घुसळतो, फेस येतो, ब्रीदरमधून (इंजिनातला वाफारा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर पडतं आणि पातळी "उतरते". या गाडीला खायची सवय नव्हतीच, तिला जबरदस्तीनं भरवलं जात होतं. असे ट्रक तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त असतात.

म्हणून एकच सपाट जागा ठरवा. इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग पट्टी पुसून पुन्हा घालून बघा. पुढच्या ऑइल बदलीच्या वेळी एक काम करून ठेवा: नवीन ऑइल भरताना पातळी खालच्या खुणेला कधी लागली आणि तिथून वरच्या खुणेपर्यंत किती लिटर गेलं, हे वहीत लिहा. हे माप एकदा हातात आलं की पट्टीवरचं बोटभर अंतर म्हणजे किती ऑइल, याचा अंदाज बांधत बसावं लागत नाही. दोन खुणांच्या मध्ये पातळी असेल तर गाडी चालू द्या. दर मुक्कामाला वरच्या खुणेपर्यंत भरायचा हट्ट नको.

खप मोजताना किलोमीटरपेक्षा डिझेलशी ताडून बघा, कारण घाटात आणि चिखलात किलोमीटर फसवतात. गाडी चारचा ॲव्हरेज देत असेल तर हजार किलोमीटरला २५० लिटर डिझेल. त्याच्या अर्धा टक्का म्हणजे सव्वा लिटर ऑइल. जुन्या इंजिनाला मी स्वतः हीच सीमा धरतो. त्याच्या आत असेल तर वरून टाकत गाडी चालवा, इंजिन खोलायची घाई करू नका. त्याच्या वर गेलं तर पुढचं वाचा.

ऑइल जातंय कुठे

बाहेरची गळती सोपी. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टरचा बेस, टायमिंग कव्हर, मागचा क्रँक सील, चेंबरचं पॅकिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर. इंजिन एकदा धुऊन काढा, एक खेप मारा आणि वरून खाली बघत या. ऑइल नेहमी खालीच ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागे पसरतं. त्यामुळे चेंबर ओला दिसला म्हणून चेंबरचं पॅकिंग बदलणाऱ्यांची गळती बहुतेक वेळा टॅपेट कव्हरलाच सापडते.

आतलं खाणं ओळखायला ब्रीदर. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण सोडून त्याच भोकावर उलटं ठेवा. तोंड लांब ठेवा, गरम शिंतोडे उडतात. झाकण नुसतं थरथरत असेल तर ठीक. उडून पडत असेल, किंवा ब्रीदरच्या नळीतून भट्टीसारखा धूर सुटला असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या लायनरची झीज झाली आहे, जळालेला गॅस खाली चेंबरमध्ये येतोय. या अवस्थेत जगातलं कुठलंही ऑइल तुमचं काम करणार नाही. एक अपवाद मात्र तपासा: ब्रीदरची नळी चिखलानं किंवा चिकट काजळीनं बंद झालेली असली तरी आत दाब वाढतो आणि सगळ्या सीलमधून ऑइल बाहेर यायला लागतं. नळी साफ करायला पैसे लागत नाहीत. हाफ इंजिनचा खर्च किती येतो ते तुम्हाला माहीत आहेच.

आता ज्या जागेकडे कुणी बघत नाही ती: ब्रेकच्या हवेचा कंप्रेसर. या ट्रकांमध्ये कंप्रेसरला वंगण इंजिनाच्याच ऑइलचं मिळतं. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर पुढे ढकललं जातं आणि हवेच्या टाकीत जाऊन बसतं. बाहेर थेंब नाही, सायलेन्सरला निळा धूर नाही, तरी पट्टी उतरतेय, अशी गाडी आली की मी सगळ्यात आधी टाकीखाली जातो. चाकांना दगड लावा, टाकीत हवा भरलेली असताना ड्रेन कॉक हळूच उघडा आणि समोर पांढरा कागद धरा. पाण्याचा फवारा आला, थोडा तेलकट वास आला, तर चालतं. कागदावर काळपट चिकट चट्टा उमटला किंवा पाणी आणि ऑइल मिसळून झालेला दुधाळ गाळ पचपच करत बाहेर आला, तर चोर सापडला.

लगेच कंप्रेसर किट घेऊन येऊ नका. कंप्रेसर ऑइल का फेकतोय हे बघा. बऱ्याचदा गाडीच्या हवेच्या लाइनमध्ये कुठेतरी गळती असते, ब्रेक चेंबरचा डायफ्राम फाटलेला असतो किंवा एखादा होज चिरलेला असतो. त्यामुळे प्रेशर कधी पूर्ण भरतच नाही आणि कंप्रेसरला विश्रांती मिळत नाही. सतत लोडवर चालून तो तापतो, त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपमध्ये कार्बन जमतो, पाइप अरुंद होतो, कंप्रेसर आणखी तापतो. गाडी उभी करून इंजिन बंद करा आणि प्रेशरचा काटा बघा. काटा दिसेल असा खाली येत असेल तर आधी हवेची गळती बंद करा. मग कंप्रेसरचा बाहेर जाणारा पाइप सोडून आत बोट घालून बघा. बोट काळं होऊन मधेच अडकत असेल तर तो पाइप बदला. आणि हे ऑइल ब्रेक व्हॉल्व्हच्या रबरांना फुगवतं, म्हणजे इथे प्रश्न ऑइलच्या खर्चापेक्षा मोठा आहे. खंबाटकीच्या उतारावर तो कळू नये.

टर्बो असेल तर टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा होज सोडा. आत ओलसर पापुद्रा असणं सामान्य आहे. होज वाकवल्यावर ऑइल धार धरून सांडलं तर सामान्य नाही. मात्र इथेही टर्बोला फाशी द्यायच्या आधी एअर फिल्टर काढून बघा. ऊसवाहतुकीच्या शेतरस्त्यांवर फिल्टर आठवड्यात मातीनं भरतो. फिल्टर चोंदला की टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढते आणि सीलमधून ऑइल खेचलं जातं. टर्बोतून चेंबरकडे परत येणारी नळी पिळली गेली असेल किंवा आत काजळी असेल तरी हेच होतं. ब्रीदरचा दाब वाढलेला असेल तरीही.

ऑइल कूलर फुटला तर रेडिएटरचं झाकण उघडल्यावर ऑइलचे तवंग दिसतात, आणि पट्टीवर दुधाळ फेस आला तर पाणी आत जातंय. शंका असेल तर जाड तवा तापवून पट्टीवरचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. ही गाडी एक किलोमीटरही पुढे न्यायची नाही.

याच्या उलट एक प्रकार आहे आणि तो जास्त घातकी आहे: गाडी ऑइल अजिबात खात नाही. मालक खूश. डिझेलच्या जुन्या इनलाइन पंपाच्या गाड्यांत पंपाचा प्लंजर झिजला, फीड पंपाचा सील गेला किंवा एखादा नोझल टपकत असला तर डिझेल चेंबरमध्ये उतरतं. जितकं ऑइल जळतं तितकं डिझेल भरतं, पट्टी जागची हलत नाही. कधी तर पातळी वर चढते. पट्टीचा वास घ्या. गरम इंजिनचं ऑइल प्रेशर आयडलला पूर्वीपेक्षा उतरलंय का बघा. ५.९ लिटरच्या कमिन्सला गरम आयडलवर किमान साधारण ०.७ बार आणि पूर्ण आरपीएमला साधारण २ बार हवं. पातळ झालेल्या ऑइलवर काटा त्याखाली लोळतो. सिंथेटिक टाकलं तरी ते डिझेलनं तितकंच पातळ होणार.

"सिंथेटिक टाकलं आणि गळायला लागलं"

ही तक्रार खोटी नाही. फक्त दोष डब्यावरच्या सिंथेटिक या शब्दाचा असतोच असं नाही. बहुतेक वेळा डबा बदलताना ग्रेडही बदललेला असतो. आधी १५डब्ल्यू-४० होतं, दुकानदारानं ५डब्ल्यू-३० दिलं कारण त्याच्याकडे सिंथेटिकमध्ये तेच होतं. १०० अंशांना ४० ग्रेडची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, ३० ग्रेडची ९.३ ते १२.५. ही मोजपट्टी सिंथेटिक आणि मिनरल दोघांना सारखीच लागू आहे. सिंथेटिक १५डब्ल्यू-४० आणि मिनरल १५डब्ल्यू-४० गरम इंजिनात एकाच पट्ट्यात असतात. "सिंथेटिक पातळ असतं" असं म्हणणारा माणूस खरं तर ३० ग्रेडची तक्रार करत असतो.

५डब्ल्यू-४० टाकलं तर गरम झाल्यावर जाडी तीच, पण थंड असताना ते जास्त पातळ असतं. रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी ठिपका दिसतो तो त्यामुळे. कडक झालेला जुना सील जाड थंड ऑइलला अडवत होता, याला अडवू शकत नाही.

दुसरं कारण सफाई. ज्या गाडीत वर्षानुवर्षं गावच्या दुकानातलं २०डब्ल्यू-४०, सीएफ-४ दर्जाचं ऑइल घातलं गेलं आणि ते काळंकुट्ट होईपर्यंत ओढलं गेलं, तिच्या सीलभोवती काजळीचा गाळ साचलेला असतो. तो गाळच पॅकिंगचं काम करत असतो. चांगल्या ऑइलमधली डिटर्जंट रसायनं तो धुऊन काढतात आणि सीलची खरी अवस्था उघडी पडते. ही रसायनं मिनरल सीआय-४ प्लसमध्येही असतातच, त्यामुळे दर्जा एकदम वाढवला तर साध्या ऑइलनंही गाडी गळू शकते. सुटलेला गाळ फिल्टरमध्ये जातो. म्हणून दर्जा वाढवल्यावर पहिल्या खेपेला ऑइल आणि फिल्टर निम्म्या अंतरावरच बदला, दुसऱ्यांदा नेहमीच्या अंतरावर. फ्लशिंगची बाटली टाकून एका तासात पंधरा वर्षांचा गाळ सोडवायच्या भानगडीत मी पडत नाही. तो सुटून चेंबरमधल्या सक्शनच्या जाळीवर बसला तर प्रेशरच जातं.

तिसरं कारण आता इतिहासजमा व्हायला आलंय. सुरुवातीच्या सिंथेटिक ऑइलमध्ये रबर आकसायचं, मिनरलमध्ये ते किंचित फुगलेलं राहायचं. आता ऑइल बनवतानाच हा तोल सांभाळला जातो. पण पंधरा वर्षं तापून कडक झालेल्या सीलला कुठलंच ऑइल पुन्हा मऊ करत नाही. सील बदला. मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो म्हणून लोक टाळतात. क्लच प्लेट बदलायची वेळ येईलच, तेव्हा त्याच मजुरीत सीलही करून घ्या.

डबा वाचायला शिका

पुढचा मोठा रंगीत शब्द सोडून द्या, मागचं बारीक वाचा.

पहिला आकडा थंडीचा. १५डब्ल्यू ऑइल उणे पंधरा अंशांच्या आसपासही इंजिन फिरू देतं. निफाडला कडाक्याच्या थंडीत पेपरात फोटो येतात तेव्हाही पारा सहसा शून्याच्या वरच असतो. म्हणजे ५डब्ल्यूसाठी जे जादा पैसे मोजता त्यातला थंडीचा भाग महाराष्ट्रात वायाच जातो. हिवाळ्यात काश्मीरचं सफरचंद किंवा कारगिल-लेहचा माल भरणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पहाटे स्टार्टर मारताना फरक समजतो.

दुसरा आकडा गरमीचा, त्याचं वर झालं.

मग एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, दर्जा. सीएफ-४ हा १९९० चा, सीएच-४ १९९८ चा, सीआय-४ २००२ चा आणि सीआय-४ प्लस २००४ चा. सीके-४ २०१६ मध्ये आला आणि तो जुन्या इंजिनांना चालतो. त्याच वेळी आलेला एफए-४ मात्र जुन्या इंजिनांसाठी नाही, तो मुद्दाम पातळ बनवलेला आहे. डब्यावर एफए-४ दिसलं तर ठेवून द्या. नुसतं एसएन, एसपी असं एस पासून सुरू होणारं लिहिलेलं असेल तर ते पेट्रोलचं, ट्रकला नको.

सीके-४ कमी राखेचं असतं, कारण बीएस-६ गाड्यांच्या सायलेन्सरमधली गाळणी राखेनं बुजते. तुमच्या जुन्या ट्रकला ती गाळणीच नाही, त्यामुळे त्या फायद्यासाठी पैसे देण्यात अर्थ नाही. आम्लाशी लढणारा जास्त टीबीएन हवा, हा जुना सल्लाही आता तपासून घ्यायला हवा. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधक ३५० पीपीएमपर्यंत असायचं, बीएस-४ मध्ये ५०, आणि एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये १०. इंजिन जुनं असलं तरी टाकीत नवं डिझेल पडतंय. ऑइलला पूर्वीइतकं आम्ल पचवावं लागत नाही. हा बदल तुमच्या साध्या ऑइलच्या फायद्याचा आहे आणि डबा विकणारा तो तुम्हाला सांगणार नाही.

राहिला सिंथेटिक हा शब्द. अमेरिकेत १९९९ साली मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्या जाहिरातीच्या तंट्यात असा निवाडा झाला की कच्च्या तेलापासूनच पण जास्त प्रक्रिया करून काढलेल्या ग्रुप तीनच्या बेस ऑइललाही सिंथेटिक म्हणता येईल. तेव्हापासून हा शब्द सैल झाला. ग्रुप तीन वाईट नाही, उष्णतेत टिकतं. पण फुल सिंथेटिक आणि सेमी सिंथेटिक या शब्दांवरून आत किती आणि काय आहे ते समजत नाही. इंजिन कंपनीची मान्यता डब्यावर आहे का, ते बघणं जास्त कामाचं.

पैशाचा हिशेब

चेंबरमध्ये १५ लिटर बसतं असं धरू. साधं ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ६५०. तुमच्या बाजारातले भाव घालून पुन्हा करा, रीत तीच. साधं १५ हजार किलोमीटरला बदलायचं, सिंथेटिक ३० हजार किलोमीटरला.

हजार किलोमीटरला एक लिटर खाणारी गाडी: साधं ऑइल १५ हजार किलोमीटरमध्ये भरलेलं १५ आणि वरून टाकलेलं १५, म्हणजे ३० लिटर, ९,००० रुपये. दोनदा म्हणजे १८,०००. सिंथेटिक ३० हजारांमध्ये १५ आणि ३०, मिळून ४५ लिटर, २९,२५० रुपये. अंतर दुप्पट करूनही ११ हजार रुपयांचा खड्डा. शिवाय जी गाडी इतकं खाते तिच्यात ताजं ऑइल सतत पडतच असतं, तिला टिकाऊ ऑइलचा उपयोगच कमी.

पाच हजार किलोमीटरला एक लिटर लागणारी चांगली गाडी: साधं दोन वेळेला १८-१८ लिटर, १०,८०० रुपये. सिंथेटिक २१ लिटर, १३,६५० रुपये. फरक २,८५०. त्यातून एक फिल्टर आणि गाडी अर्धा दिवस उभी राहण्याचं भाडं वजा करा, जवळपास बरोबरी होते. लांब पल्ल्याची गाडी रोज धावत असेल तर सिंथेटिक इथे पुढेही जातं.

पण त्यात एक अट आहे: ३० हजार खरोखर गाठायचे असतील तर मधे एकदा वापरलेल्या ऑइलची लॅब तपासणी करून घ्या. काजळी, डिझेलची भेसळ, लोखंड, माती किती हे कळतं. तपासणीशिवाय अंतर दुप्पट करणं म्हणजे डब्यावरच्या जाहिरातीच्या भरवशावर क्रँक ठेवणं. सिंथेटिक असलं तरी काजळी आणि माती त्यात तितकीच जमते.

मग सिंथेटिक कुणी घ्यावं? माझ्या मते टर्बोची गाडी जी रोज कसारा किंवा बोरघाट भरून चढते, नाहीतर चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यात कोळसा-सिमेंट ओढते. चढ संपल्याबरोबर इंजिन बंद केलं की टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागच्या जागी करपतं, तिथे सिंथेटिक जास्त तग धरतं. अर्थात दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून बंद करायची सवय ड्रायव्हरला लावली तर साधं ऑइलही तिथे निभावतं, आणि ती सवय फुकट आहे. नुकतं पूर्ण काम केलेलं इंजिनही सिंथेटिकला लायक, पण नव्या रिंगा बसेपर्यंत पहिली बदली साध्यावरच काढा. बीएस-४ ची कॉमनरेल गाडी असेल तर माझं ऐकू नका, मॅन्युअल काय म्हणतं ते बघा.

साधं आणि सिंथेटिक एकमेकांत मिसळलं तर इंजिन बिघडेल ही भीती सोडा. दोन्ही एकमेकांत विरघळतात. रात्री हायवेला पट्टी खाली दिसली आणि ढाब्याशेजारी मिळतंय ते १५डब्ल्यू-४० असेल तर टाका. कमी ऑइलवर गाडी हाकण्याइतकं नुकसान त्यात नाही.

उसाच्या गाड्यांचं गणित वेगळं

पश्चिम महाराष्ट्रातले बरेच जुने ट्रक आणि ट्रॅक्टर हंगामात उसावर असतात, आणि त्यांचं ऑइल किलोमीटरवर बदललं जातं. इथेच फसगत होते. फडातून कमी गिअरमध्ये चिखलातून बाहेर, मग कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रांगेत. काट्याकडे गाडी पाच फूट सरकते, थांबते, पुन्हा सरकते. थंडीत रात्रभर कुणी इंजिन बंदच करत नाही. दिवसाचे ४० किलोमीटर, पण इंजिन दहा तास चाललेलं. आयडलवर डिझेल नीट जळत नाही, काजळी आणि कच्चं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. चार महिन्यांत मीटर पाच हजारांवर दिसतो आणि मालक म्हणतो, "मिस्त्री, अजून दहा हजार बाकी आहेत की!" बाकी काही नसतं. एक तास म्हणजे ४० किलोमीटर धरून हिशेब केला तर त्या ऑइलचे पंधरा हजार कधीच उलटून गेलेले असतात.

आवरमीटर नसेल तर डिझेलवर जा. नेहमीच्या वाहतुकीत १५ हजार किलोमीटरला जेवढं डिझेल लागायचं, चारच्या ॲव्हरेजनं ३,७५० लिटर, तेवढं उसात जळलं की ऑइल बदला, मीटर काहीही दाखवो. या कामाला सिंथेटिक घेऊन अंतर ओढण्यापेक्षा साधं ऑइल लवकर बदलणं शंभर टक्के बरं, कारण इथे ऑइल उष्णतेनं मरत नाही, घाणीनं मरतं.

रांगेत इंजिन बंद करायला सांगा. ड्रायव्हर म्हणेल स्टार्टर खराब आहे, बॅटरी उतरली आहे. मग बॅटरी बदला. आयडलवर जाळलेल्या डिझेलमधून ती निघते.

हंगाम संपल्यावर गाडी पाच-सहा महिने उभी राहते. लोक तिला जुन्या ऑइलवर उभी करतात आणि पुढच्या हंगामाच्या आधी बदलतात. उलट करा. काळ्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल पावसाळाभर बेअरिंगवर बसून असते. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप संपलं, की लगेच ऑइल-फिल्टर बदला, इंजिन पंधरा मिनिटं चालवा आणि मग उभी करा. नव्या हंगामाला तेच ऑइल चालेल, फक्त पट्टी आणि पाणी बघून घ्या.

जाड ऑइल, बाटल्या आणि खोटे डबे

झिजलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० टाकलं की आयडलचं प्रेशर वर येतं आणि खाणं थोडं कमी होतं. उन्हाळ्यात एक-दोन महिने निभावून न्यायला, पैसे जमेपर्यंत, मी त्याला नाही म्हणत नाही. पण डबा घेताना त्यावर सीएच-४ किंवा सीआय-४ हवं. मोटारींसाठीचं २०डब्ल्यू-५० डिझेलची काजळी सांभाळत नाही. धूर बंद करणाऱ्या बाटल्या म्हणजे बहुतेक वेळा ऑइल जाड करणारं रसायन. गाडी विकायची असेल तेव्हा त्या खपतात, एवढं बोलून थांबतो.

आणि डबा खरा आहे का? ओळखीच्या पेट्रोल पंपावरून किंवा कंपनीच्या वितरकाकडून घ्या, झाकणाखालचं सील आपल्या हातानं तोडा, क्यूआर कोड स्कॅन करा. रिकामा डबा भंगारवाल्याला तसाच देऊ नका. त्याला सुऱ्यानं आडवा छेद द्या, नाहीतर तोच डबा भरून पुढच्या गावातल्या दुकानात तुमच्यासाठी उभा असेल.

मिस्त्रीकडे जाताना एवढं लिहून न्या: इंजिनचं मॉडेल, शेवटची बदली कधी आणि कोणत्या ग्रेडची, हजार किलोमीटरला किंवा शंभर लिटर डिझेलला किती ऑइल वरून लागतं, गरम आयडलला प्रेशर किती, धूर कुठल्या रंगाचा आणि कधी येतो, हवेच्या टाकीतून काय निघालं. हे सहा मुद्दे समोर असले तर चांगला मिस्त्री इंजिन न खोलता दहा मिनिटांत सांगेल. आणि जो हे काहीच न विचारता थेट "सिंथेटिक टाका" किंवा "हाफ काढा" म्हणेल, त्याच्याकडे गाडी सोडायच्या आधी दुसऱ्याला दाखवा.